गार दांड्याचं पातेलं

लॉन्ड्रीत तिला सगळे सांडशी म्हणत, आणि तिला त्याचा राग येत नसे. उलट थोडा अभिमानच होता. इस्पितळाच्या त्या लॉन्ड्रीत धुतलेल्या चादरी एका बाजूने तापलेल्या रोलरमध्ये जात आणि दुसऱ्या बाजूने वाफा टाकत, कडक होऊन बाहेर येत. त्या बाहेर येण्याच्या तोंडाशी ती उभी असे. नव्या बायका हातमोजे चढवून यायच्या आणि तरीही हात झटकत मागे सरायच्या. ही मात्र उघड्या हातांनी चादर ओढायची, झटकायची, घडी घालायची, आणि मधल्या वेळात कुणाच्या तरी सासूवरून काहीतरी चावट बोलून सगळ्यांना हसवायची. उमेदीची सगळी वर्षं तिने त्या रोलरसमोर काढली होती.

घरातही तिने सांडशीला कधी हात लावला नाही. उकळत्या भाताचं पातेलं ती दोन्ही हातांनी कडा धरून खाली उतरवायची, आणि पाहुण्यांच्या तोंडून 'अगंबाई' निघालं की खूश व्हायची. नवरा म्हणायचा, लोक सांडशी विकत आणतात, मी लग्न करून आणली.

नवरा शिंपी. सगळे त्यांना मास्तर म्हणत. इस्पितळामागच्या ज्या दोन खोल्या तिला नोकरीबरोबर मिळाल्या होत्या, त्यातल्या पुढच्या खोलीत त्यांचं मशीन असे. मास्तरांनी शिवलेल्या कॉलरला कधी सुरकुती पडली नाही, असं अजून लोक सांगतात. मग काचबिंदू झाला. आधी कडेचं दिसेनासं झालं, तेव्हा ते बिचारे दाराच्या चौकटीला धडकायचे आणि चौकटीलाच नावं ठेवायचे. नंतर मधलंही गेलं. आता खिडकी कुठे आणि भिंत कुठे एवढाच फरक त्यांना कळे. मशीनवर चादर पडली. तेव्हापासून तिने त्यांना तळहाताच्या फोडासारखं जपलं, पण जपायला ती घरात असे किती वेळ? सकाळी निघायची ती दिवेलागणीलाच परत यायची. मधला सगळा वेळ मास्तर एकटे.

त्या लांबलचक दिवसात त्यांच्या हाती एकच काम उरलं होतं, स्वतःचा चहा स्वतः करणं. साखरेचा डबा डावीकडे, पावडरीचा उजवीकडे, दूध ताकात मिसळू नये म्हणून त्याच्या पातेल्यावर वेगळी ताटली. चहा झाला की खिडकीपाशी बसून पिणं. ऐकायला ही क्षुल्लक गोष्ट आहे. पण ज्याने आयुष्यभर लोकांना अंगभर कपडे घातले, त्याच्या हातून बाकी सगळं काढून घेतल्यावर हे एवढंसं उरतं, तेव्हा ते क्षुल्लक राहत नाही.

आणि त्यातही माशी शिंकली. घरातली सगळी पातेली बिनदांड्याची. सांडशीने कड पकडायची तर कड दिसायला हवी, म्हणून मास्तर फडक्याची घडी करून पातेलं उतरवत. एका दुपारी फडक्याचं टोक आचेत गेलं आणि पेटलं. त्यांना जळका वास आला, पण काय जळतंय ते कळेना. शेजारचे कंपाउंडर धावत आले, त्यांनी बादली ओतली, आणि मग शेजारधर्म जरा जास्तच पाळून परगावी मुलाला फोन केला.

मुलगा वाईट नव्हता. वाईट असता तर भांडता तरी आलं असतं. त्याने रडवेल्या आवाजात सांगितलं की आता गॅस बंद, नाहीतर बाबा माझ्याकडे. त्याचं घर वरच्या मजल्यावर. तो आणि त्याची बायको दोघंही नोकरीला. म्हणजे मास्तर दिवसभर बंद दाराआड, समोर टीव्ही आणि शेजारी थर्मास. आईने यायचं म्हटलं तर नोकरी सुटणार, खोल्या जाणार, आणि थोडी वर्षं कळ काढली तर मिळणारं पेन्शनही बुडणार. तेव्हा ती इथे आणि मास्तर तिथे. हे तिने मास्तरांना सांगितलं तेव्हा ते बराच वेळ चादर टाकलेल्या मशीनवरून हात फिरवत राहिले. मग म्हणाले,

"मला कुठे ठेवून देऊ नका गं."

त्यांचं आणि तिचं कधी गुळपीठ होतं असं नाही, भांडणं चिक्कार व्हायची, पण एकमेकांवाचून झोप लागत नाही हे दोघांनाही ठाऊक होतं. तिने मुलाला फोन लावला आणि वकिलासारखी बाजू मांडली. चूक बाबांची नाही, पातेल्याची आहे. ज्याचा दांडा तापत नाही असं भांडं मी आणते, मग बघ, ते तुझ्यामाझ्यासारखा चहा करतील. शेवटी मुलगा म्हणाला की येत्या नाही, त्यापुढच्या रविवारी आम्ही दोघं येतो. बाबांनी माझ्यासमोर, कुणाचा हात न लागता, चहा करून दाखवला तर मी हा विषय पुन्हा काढणार नाही. नाही जमलं तर त्यांना घेऊनच परत फिरेन.

मग सुरू झाली दुकानं पालथी घालायची वणवण. कामावरून सुटलं की ती थेट बाजारात. भांडी करणारे लोक भांडं दिसायला कसं असावं याचा फार विचार करतात, ते उचलायचं कशाने हे त्यांना शेवटी आठवत असावं. एका पातेल्याला दांडा एवढा लांब आणि जड की ते रिकामं असताना आपलं आपणच मागे कलंडे. एकाला दोन्ही बाजूंना छोटे कान, तेही भांड्याला असे चिकटलेले की धरायचे तर बोटं भांड्यालाच टेकावीत. लाकडी मूठ सुंदर होती, पण स्क्रूवर गरागरा फिरायची. ज्याला दिसत नाही त्याच्या हातात फिरती मूठ म्हणजे उकळता चहा पायावर. काळ्या मुठीचंही एक होतं, पण तसलीच मूठ लॉन्ड्रीतल्या एकीच्या घरी आचेवर येऊन वितळली होती आणि घरभर घाण वास सुटला होता. मास्तरांना मूठ आचेवर आली आहे की बाजूला, हे कुठून दिसणार?

प्रत्येक दुकानात ती एकच हट्ट धरायची, शेगडीवर ठेवून दाखवा. दुकानदार हसायचे. एकाने तर सांगितलं की हे भांड्यांचं दुकान आहे, खानावळ नाही. एकेक दिवस हातचा जायला लागला तसं तिचं जेवणातलं लक्ष उडालं. चादरीच्या घड्या चुकायला लागल्या, हे तर आजवर कधी झालं नव्हतं. झोपेतही तिला दांडेच दांडे दिसत. एवढ्या मोठ्या बाजारात एक साधा गार दांडा मिळू नये, आणि त्यावाचून आपला माणूस आपल्यापासून तुटावा, या विचाराने तिला रस्त्यातच रडू फुटायचं, आणि डोळे पुसून ती पुढच्या दुकानात शिरायची.

शेवटी एका दुकानात शेगडी निघाली. दुकानदार म्हातारा आणि सोशिक होता. त्याने तीन पातेल्यांत पाणी घालून पाळीपाळीने उकळून दाखवलं. एक काळ्या मुठीचं, एक रबरी खोळ चढवलेलं, आणि एक अख्खं स्टीलचं, पोकळ दांडा रिबिटांनी पक्का ठोकलेला. त्या दांड्यावर 'गार राहतो' अशी चकचकीत पट्टीही चिकटवलेली होती. तिने तिन्ही दांडे धरून पाहिले. नुसते टोकाला नव्हे, अगदी भांड्याजवळ, कारण जवळ धरलं की तोल नीट राहतो हे तिला पक्कं माहीत होतं. धरले आणि धरूनच उभी राहिली.

दुकानदार म्हणाला की बाई, माझं ऐका, स्टीलपेक्षा काळी मूठ गार राहते. तिने पुन्हा सगळे धरून पाहिले आणि म्हणाली, मला तर सगळे सारखेच गार लागतात. मग वितळणारी मूठ कशाला घ्यायची? दुकानदाराने तिच्या हाताकडे पाहिलं, तिच्या तोंडाकडे पाहिलं, आणि पातेलं कागदात गुंडाळायला घेतलं. त्याने एकदा स्वतः तो दांडा धरला असता तर पुढचं काहीच घडलं नसतं. पण गिऱ्हाईक खूश असताना कोण कशाला आपला हात तपासत बसेल?

घरी येताना ती जवळजवळ पळतच आली. कितीतरी दिवसांनी तिच्या जिवात जीव आला होता.

मग तालीम सुरू झाली. मास्तर मुळात नेमके. गॅसचं बटण किती फिरवलं की आच किती, ते त्यांनी कानांनी ठरवलं. चहा वर यायला लागला की त्याचा आवाज जाड होतो, हेही त्यांनीच तिला सांगितलं. कपावर गाळणी ठेवून, डाव्या हाताचं एक बोट कपाच्या कडेला अडकवून उजव्या हाताने पातेलं कलतं करायचं, बोटाला वाफ लागली की थांबायचं, ही युक्तीही त्यांचीच. सगळं जमत होतं. फक्त दांड्याला हात लावला की ते हात मागे घेत.

"अहो, किती घाबरता," ती म्हणाली. "गार आहे तो. टोकाला नका धरू, इकडे भांड्याजवळ धरा, म्हणजे कलंडणार नाही."

त्यांनी धरला आणि सोडला.

"नक्की गार आहे?"

"हे बघा, मी धरलाय."

तिने त्यांचा हात घेऊन दांड्यावर ठेवला, वरून आपला हात घट्ट दाबला, आणि पोहायला शिकवताना पोराला पाण्यात धरून ठेवतात तसा धरून ठेवला. त्यांचा हात तिच्या हाताखाली थरथरत होता. भीती आहे, जाईल, असं ती मनाशी म्हणत राहिली. थोड्या वेळाने थरथर थांबली. मास्तर कपाळाचा घाम पुसत म्हणाले,

"तू म्हणतेस म्हणजे गारच असणार. डोळे गेल्यापासून मला सगळंच टोचायला लागलंय."

असा सराव रोज झाला. रोज त्यांचा हात आधी दचके, मग सरावे. तळवा लाल दिसतो म्हणून तिने एकदा विचारलंही. ते म्हणाले, जरा चुरचुरतं. तिने तेल चोळून दिलं आणि थट्टा केली की मशीन सुटल्यापासून काम नाही ना हाताला, नव्या नवरीसारखे मऊ झालेत. मास्तरही हसले. त्यांना स्वतःचीच लाज वाटत होती. ज्याच्या बोटांत सुई मोडून राहिली तरी ज्याने शिवण थांबवली नाही, तो आता साध्या पातेल्याला भितो, हे त्यांच्या मनाला लागलं होतं. शनिवारी त्यांनी सलग दोनदा चहा केला आणि दोन्ही वेळा तोंडातून हूं की चूं काढलं नाही.

रविवारी मुलगा आणि सून आले. सुनेच्या हातात एक मोठी पिशवी होती, घडी घातलेली, रिकामी. ती कशासाठी हे कुणी विचारलं नाही. सासूला मात्र त्या पिशवीकडे बघवेना.

मास्तरांनी धुतलेला शर्ट घातला होता. ते उठले, भिंत चाचपत शेगडीपाशी गेले आणि म्हणाले, चौघांचा टाकतो. चौघांचा म्हणजे पातेलं पार भरलेलं, आणि उकळायलाही जास्त वेळ. मोठ्या बर्नरची आच बाजूने वर चढत होती. सगळे दाराशी उभे. डबे सापडले, साखर पडली, दूध पडलं, चहाचा आवाज जाड झाला, बटण फिरलं. मुलगा श्वास रोखून बघत होता. मग मास्तरांनी उजवा हात पुढे केला, दांडा शोधला, भांड्याजवळ, अगदी तिने शिकवलं होतं तिथे, आणि मूठ आवळली.

एक कप. बोटाला वाफ लागली, थांबले. दुसरा कप चाचपून जवळ ओढला, त्यावर गाळणी ठेवली. दुसरा. तिसरा. त्यांच्या मानेच्या शिरा ताठ झाल्या होत्या आणि घाम हनुवटीवरून शर्टावर पडत होता. चौथा कप भरायला सगळ्यात जास्त वेळ लागला. पण एक थेंब ओट्यावर सांडला नाही. पातेलं परत शेगडीवर ठेवून ते वळले आणि चेहऱ्यावर हसू आणून म्हणाले, घ्या.

मुलाचे डोळे भरून आले. तो म्हणाला, जिंकलात बाबा. आणि सुनेने ती पिशवी दाराच्या मागे सरकवली. ते सासूने पाहिलं, आणि देवाने आज आपलं ऐकलं असं तिला वाटलं.

आईला त्रास नको म्हणून मुलगाच पातेलं मोरीत ठेवायला गेला. त्याने दांडा धरला आणि पातेलं धाडकन खाली पडलं. तो आपल्या हाताकडे बघत राहिला. मग बापाजवळ गेला आणि त्यांची मिटलेली उजवी मूठ एकेक बोट करून उघडली. तळव्यावर पांढरे फोड आले होते, जुन्या लाल वळांच्या वर नवे.

"हे किती तापलंय," तो म्हणाला.

"तापलेलं नाही रे," ती म्हणाली. तिने वाकून पातेलं उचललं आणि दांडा मुठीत धरून त्याच्यापुढे केला. "बघ ना. गार आहे. मी स्वतः बघून आणलंय."

"आई, सोड ते."

"अरे पण गार आहे."

"आई, सोड."

त्याने तिच्या हातातून ते काढून घेतलं, फडक्याने. मग तिची बोटं उघडली. तिनेही पाहिलं. तिच्या तळव्यावर दांड्याच्या रुंदीचा लालभडक पट्टा उठला होता आणि ती त्याच्याकडे दुसऱ्या कुणाचा हात बघावा तशी बघत राहिली. काही म्हणजे काही होत नव्हतं.

सुनेने दोघांना नळापाशी नेलं आणि दोघांचे हात शेजारी शेजारी पाण्याखाली धरले. पाणी लागताच मास्तर कळवळले. तिला नुसती पाण्याची धार जाणवली. तेवढ्यात मास्तरांनी हळूच विचारलं,

"म्हणजे गरमच होतं?"

"हो बाबा."

"मला वाटलं, मीच भित्रा झालोय."

हे ते सुटल्यासारखे बोलले, तक्रार म्हणून नव्हे. पण ते ऐकून ती तिथेच मोरीच्या कट्ट्यावर बसली. रोज त्यांचा हात दाबून धरला होता तिने. तो थरथरत होता, आणि तिने सोडला नव्हता. जो माणूस तिच्या शब्दावर स्वतःच्या कातडीला खोटं पाडत होता, त्याला तिने आपल्या हाताने भाजलं होतं. रोलरसमोरच्या बायका तोंडभरून कौतुक करत होत्या तेव्हा हातांतून काहीतरी जात होतं, आणि ते कधी गेलं हे तिला कळलंही नव्हतं.

मग ती मुलाच्या हातापाया पडायला लागली, खरोखर पडायला लागली. मी दुसरं आणते. काळ्या मुठीचं आहे तिथे, दुकानदार सांगतच होता, मीच ऐकलं नाही. आत्ता जाऊन आणते. मूठ वितळू नये म्हणून छोट्या बर्नरवर ठेवू. एक संधी दे, पुढच्या रविवारी ये, फक्त पुढच्या रविवारी. मुलाने तिला खांद्यांना धरून उठवलं. तो स्वतः रडत होता.

"आणशील गं," तो म्हणाला. "आज मी बघेनही. पण रोज ते गार आहे का, हे बघणार कोण?"

तिने मास्तरांकडे पाहिलं. मास्तर मान खाली घालून बसले होते. त्यांना विचारायची सोय तिने आठवडाभरात स्वतःच संपवली होती. आता ते गरमालाही गार म्हणाले असते, तिच्याजवळ राहायला मिळावं म्हणून. हे मुलालाही कळलं होतं आणि तिलाही. तिने दारामागची पिशवी आणली आणि मास्तरांच्या कपड्यांच्या घड्या घालायला बसली. घड्या छान झाल्या.

दुपारी सगळे बसस्टँडवर आले. मुलगा तिकिटं काढायला रांगेत गेला. मास्तर बाकावर बसले होते, उजव्या हाताला सुनेने बांधलेली पट्टी, डाव्या हाताने बायकोची बाही धरलेली. ती त्यांना सांगत होती की गोळ्या वरच्या कप्प्यात आहेत, सुनेशी नीट बोला, टीव्हीचा आवाज मोठा ठेवू नका. ते हो हो म्हणत होते. मग जरा काकडल्यासारखे झाले आणि तिच्या बाजूला सरकले.

"अंगात कणकण वाटतेय गं," ते म्हणाले. "ताप आहे का बघ."

तिने हात त्यांच्या कपाळावर ठेवला. ठेवून उभी राहिली. मग हात उलटा करून मागची बाजू लावली. मग दुसरा हात लावला. मास्तर चेहरा वर करून वाट बघत होते.

"आहे का?" त्यांनी विचारलं.

ती सुनेकडे वळली.

"तूच बघ गं जरा," ती म्हणाली, आणि सुनेला जागा करून देऊन बाजूला झाली.